तिसरा बैल

आमच्या ड्रॉइंग मास्तरांना चांदा जिल्ह्यातल्या मूल गावात निम्मे लोक पटवारी समजत. चूक लोकांची नव्हती. मास्तर रस्त्याने जाताजाता मध्येच थबकायचे, एक डोळा मिटायचे, हात लांब करून अंगठा उभा धरायचे आणि समोरचं झाड, बैलबंडी, म्हैस, जे काय असेल ते त्या अंगठ्याने मोजायचे. धानाच्या बांधीसमोर, म्हणजे भाताच्या खाचरासमोर, हा प्रकार सुरू झाला की बांधीचा मालक काम टाकून धावत यायचा. एकदा तर एक म्हातारे शेतकरी त्यांच्या मागेमागे शाळेच्या फाटकापर्यंत आले. भावाशी दोन शेतांमधल्या धुऱ्याचा वाद चालू होता, आणि सरकारने गुपचूप माणूस पाठवून मोजणी केली असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मास्तरांनी त्यांना समजावलं नाही. शाळेच्या पायरीवर बसवलं, त्यांचा स्वतःचा अंगठा उभा धरायला लावला आणि समोरच्या चिंचेचा बुंधा किती अंगठे भरतो ते मोजायला शिकवलं. म्हातारबुवा तासाभराने खूश होऊन घरी गेले. धुऱ्याचं काय झालं कोण जाणे, पण त्यानंतर ते बाजारात आपणहून मास्तरांजवळ यायचे आणि आज बैल मोजला, आज देऊळ मोजलं असं सांगायचे.

मी त्या शाळेत गणित शिकवायला गेलो तेव्हा मास्तर तिथे आधीपासून होते. शाळेच्या कमिटीचे सेक्रेटरी एक शेठजी होते, त्यांची धानाची मिल होती, आणि मिलच्या मागच्या दोन खोल्यांपैकी एकीत मास्तर आणि दुसरीत मी असे आम्ही राहायचो. दोन्ही खोल्यांत कोंडा सारखाच उडायचा. मी रोज झाडून काढायचो. मास्तर खिडकीवर साचलेल्या कोंड्याच्या थराकडे बघत बसायचे आणि उजेड कुठून येतो ते मला सांगायचे. शेजारी म्हणून ते माणूस चांगले होते, पण त्यांच्याबरोबर कुठे वेळेवर पोचायचं असलं तर आदल्या दिवशी निघावं लागे.

चित्रकला शिकवण्याचं शिक्षण त्यांनी नागपूरला घेतलं होतं. चित्रं काढण्याचं नव्हे, शिकवण्याचं. हा फरक ते फार कडकपणे पाळत. त्यांच्याबरोबर शिकलेले चार मित्र होते, आणि दर दिवाळीला नागपूरला जाऊन मास्तर त्यांची खबर घेऊन यायचे. खबर सांगायची त्यांची रीत अशी की ऐकणाऱ्याला वाटावं, कोणीतरी वारलं.

"तो गेला," ते खोलीच्या दारात उभे राहून म्हणायचे.

मी दचकून विचारायचो, कुठे गेला?

"विम्यात."

एक विम्यात गेला. एक सिनेमाच्या बोर्डांवर नटनट्यांचे गाल रंगवायला लागला आणि चांगला पैसेवाला झाला. एकाला हिवतापाच्या खात्यात पोस्टर काढायचं काम मिळालं. मास्तरांच्या म्हणण्याप्रमाणे तो तेव्हापासून एकच डास काढतो आहे. चौथ्याने सासऱ्याच्या कापडाच्या दुकानात गादी धरली. चौघेही सुखात होते, लेकुरवाळे होते, एकाने तर सायकल सोडून फटफटी घेतली होती. तरी मास्तर त्यांच्याविषयी बोलताना आवाज खाली आणायचे. शिकले होते शिकवायला, आणि शिकवणारा आता आपण एकटाच उरलो, ही गोष्ट त्यांच्या मनात काट्यासारखी रुतलेली असे. मला तेव्हा ते हास्यास्पद वाटे. गणित शिकलेली निम्मी दुनिया किराणा विकते, त्यात रडायचं काय?

पण या माणसाने हे शिकवणं अंगाला लावून घेतलं होतं. ते स्वतः कोणाला काही काढून देत नसत. फळ्यावर खडूच्या चार रेघा, त्यापलीकडे त्यांचं एकही चित्र मी पाहिलं नाही. गावात लग्न निघालं की लोक भिंतीवर गणपती, कळस काढून घ्यायला यायचे. मास्तर आनंदाने जायचे आणि नवरीच्या भावाला नाहीतर आत्याला हाताशी धरून त्यांच्याकडूनच काढून घ्यायचे. गणपती कधी हत्तीसारखा व्हायचा, कधी डुकरासारखा. मास्तर मात्र जेवणाच्या पंगतीत समोर आलेल्या प्रत्येकाला सांगायचे, "आत्यानं काढला बरं का."

शेठजींनाही हा प्रसाद मिळाला. मिलचा नवा बोर्ड हवा होता. घरात भाडेकरू चित्रकार असताना पैसे देऊन चांद्याहून रंगारी कशाला आणायचा, असा त्यांचा सरळ हिशेब होता. मास्तर म्हणाले, पोराला पाठवा, शिकवतो. शेठजींचा मोठा मुलगा महिनाभर आमच्या अंगणात अक्षरं गिरवत बसला आणि मग त्याने बोर्ड रंगवला. ‘राइस’ या शब्दालाच सगळी जागा गेली आणि ‘मिल’ बिचारी कोपऱ्यात अंग चोरून बसली. शेठजींनी तो बोर्ड लावला खरा, पण त्या दिवसापासून मास्तरांशी बोलताना ते जरा तुटक बोलायचे.

वर्गात त्यांचा एकच कायदा होता: खोडरबर वर्गाच्या बाहेर. पोरांनी ते दाराशी ठेवून मगच आत यायचं. बहुतेक पोरं अनवाणी, त्यामुळे आमच्या शाळेत ड्रॉइंगच्या वर्गाबाहेर चपला कमी आणि रबर जास्त असायचे. चुकलेली रेघ पुसायची नाही, तिच्या शेजारी बरोबर रेघ काढायची. आणि जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते काढायचं नाही. कॅलेंडरवरून, पुस्तकावरून उतरवायला त्यांची सक्त मनाई होती. ते पोरांना तलावाच्या पाळीवर नेत, मिलमध्ये नेत, मासे मारणाऱ्या ढिवरांच्या वस्तीत जाळी वाळत घातलेली असत तिथे नेत, आणि अर्धा तास नुसतं बघायला लावत. माझा गणिताचा तास त्यांच्यानंतर असे. निम्मा वर्ग तलावावरून परत आलेला नसे, आणि मी चडफडत फळ्यासमोर उभा.

पुढे कमिटीत कुणीतरी विचारलं की हा ड्रॉइंगचा मास्तर शाळेला हवाच कशाला? त्याच्या जागी विज्ञानाचा मास्तर आला तर पोरं निदान नोकरीला लागतील. शेठजींना हे पटण्यासारखंच होतं. पण ते माणूस वाईट नव्हते. त्यांनी मधला मार्ग काढला: पोरांना ड्रॉइंगच्या सरकारी परीक्षेला बसवा. पास झाली तर मास्तर राहतील, नापास झाली तर जून महिन्यापासून ती जागा बंद. मास्तरांनी हे ऐकून घेतलं आणि मान हलवली. खोलीवर आल्यावर मला म्हणाले की पोरांचा हात तयार आहे, काळजी नाही.

काळजी मला होती. त्या परीक्षेत एक पेपर स्मरणचित्राचा असायचा: विषय देणार, आणि समोर काही न ठेवता चित्र काढायचं. पेपर यायचे मुंबईकडून. चांद्याच्या शाळांत पोरांकडून रेल्वे स्टेशन, समुद्र, बाजार, सर्कस अशी दहाबारा चित्रं घोटून घेत. पेपरात काहीही आलं तरी त्यातलं एक बसवता येई. मी मास्तरांना हे सांगितलं. माझ्याकडे एक रंगीत कॅलेंडर होतं, त्यावर समुद्र होता, जहाज होतं, तेही त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी कॅलेंडर हातात घेऊन बराच वेळ पाहिलं आणि परत दिलं. आपणच हे पाणी पाहिलेलं नाही, तर पोरांना कुठल्या तोंडाने शिकवणार, असं काहीसं पुटपुटले. मी वैतागून म्हणालो की मी तरी कुठे अनंत पाहिलंय, रोज शिकवतोच ना? ते हसले. कॅलेंडर माझ्या खिळ्यावरच राहिलं.

परीक्षेच्या दिवशी नागभीडकडून येणाऱ्या छोट्या गाडीने आम्ही पोरांना चांद्याला नेलं. स्मरणचित्राचा पेपर सुटला तेव्हा आमची पोरं हसतखेळत बाहेर आली. विषय काय होता म्हणून मी विचारलं.

समुद्रकाठची संध्याकाळ.

मास्तर पोरांना एकेकाला विचारत होते, काय काढलं? सगळ्यांनी समुद्र काढला होता. अलीकडे पाळ, पाळीवर मोहाचं झाड, पाण्यात डोंगा, डोंग्यात जाळं टाकणारा ढिवर, आणि पलीकडे दुसरा काठ. काठावर धानाच्या बांध्या, एकाने तर पलीकडून पाण्यावर येणाऱ्या म्हशीही काढल्या होत्या. ढिवराचा एक मुलगा वर्गात सगळ्यांत हुशार होता, त्याचं तोंड तेवढं उतरलं होतं.

"सर, पलीकडचा काठ कागदात बसे ना," तो म्हणाला. "मंग मी समुद्र थोडा लहान केला."

निकाल लागला तेव्हा बाकीच्या पेपरांत पोरं चांगली होती. त्या एकाच पेपरात सगळी गडगडली, आणि एका पेपरात नापास म्हणजे परीक्षेत नापास. चांद्याहून कोणीतरी सांगत आलं की समुद्राला पलीकडचा काठ दिसतच नसतो, तुमच्या पोरांची चित्रं पाहून तपासणारे हसले म्हणे. पोरं रडकुंडीला आली. मास्तर त्यांना घेऊन तलावावर गेले; मीही गेलो, कारण मला भीती होती की आता तरी हा माणूस कोसळेल. त्यांनी ढिवराच्या मुलाला विचारलं की तो काठ का काढला.

"पाणी आहे तं काठ राहीनच ना, सर. नाई तं पाणी थांबन कायले?"

मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बराबर आहे," ते म्हणाले. "तू पाह्यलं ते काढलं. चुकी माही आहे. मीच समुद्र पाह्यला नाई."

मला त्या वेळी त्यांचा इतका राग आला होता की सांगता सोय नाही. माणसाने तत्त्व सांभाळावं, पण ते सांभाळताना स्वतःची भाकर तलावात बुडवावी का? एक कॅलेंडर, एक जहाज, दोन दिवसांची घोकंपट्टी, बस, जागा वाचली असती. खोलीवर आल्यावर मी त्यांना हे तोंडावर ऐकवलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि मला चहा करून दिला. चहा वाईट झाला होता.

शेठजी शब्दाला जागले, आणि माणुसकीलाही. जागा बंद केली आणि मास्तरांना त्याच शाळेत, त्याच पगारावर कारकुनी देऊ केली. आम्ही सगळ्यांनी समजावलं. हेडमास्तर तर म्हणाले की रिकाम्या वेळात वाटेल तेवढी चित्रं काढा. मास्तर नको म्हणाले. विम्यातल्या मित्रानेही निरोप पाठवला होता, तिकडेही नाही म्हणाले. उन्हाळाभर ते जिल्ह्यातल्या शाळा पालथ्या घालत फिरले, पण ड्रॉइंगची जागा कुठे रिकामी नव्हती. बहुतेक ठिकाणी ती जागाच नव्हती. शेवटी त्यांनी एटापल्लीच्याही पलीकडे जंगलातल्या एका गावात एकशिक्षकी प्राथमिक शाळा घेतली. त्या बाजूला बदली झाली की मास्तर लोक आजारी पडत. हा माणूस आपणहून निघाला होता.

"अहो, तिथं ड्रॉइंगचा तासच नसतो," मी म्हणालो. "बाराखडी आणि पाढे."

"भाऊ, तिथी टाइमटेबल लावणाराच मी राहीन," ते म्हणाले, आणि वळकटी बांधायला लागले.

ते गेल्यावर मी पुष्कळांना सांगितलं की एक चांगला माणूस फुकट गेला. तसंच मला वाटत होतं. त्यांच्या मित्रांविषयी ते आवाज खाली आणायचे, तसा मीही आता त्यांच्याविषयी बोलताना आणायला लागलो होतो.

मग स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या निवडणुका आल्या. शिक्षकांना मतदानाच्या कामाला जुंपलं, आणि माझ्या नशिबी नेमकं तेच गाव आलं. चांद्याच्या एका कचेरीतले साहेब आमच्या केंद्राचे मुख्य होते. अतिशय सरळ, अतिशय घाबरट. नियमांचं पुस्तक ते छातीशी धरून झोपत. आलापल्लीपर्यंत ट्रकने आणि पुढे बंड्यांवर मतपेट्या लादून, ओढे ओलांडत, मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही पोचलो. केंद्र म्हणजे मास्तरांची शाळा. मास्तर दारात उभे होते, काळवंडलेले, थोडे वाळलेले. मला पाहून त्यांनी एक डोळा मिटून अंगठा उभा धरला आणि मी जाड झाल्याचं सांगितलं.

साहेब आत गेले आणि तसेच बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता.

शाळेच्या आतल्या चारही भिंती, जमिनीपासून पोरांचा हात पोचेल तिथवर, कोळशाने भरलेल्या होत्या. झोपड्या, झाडं, कोंबडे, मोहफुलं वेचणाऱ्या बाया. आणि बैल. जिकडेतिकडे बैलांच्या जोड्या. आता तरुणांना ठाऊक नसेल, त्या वेळी मतदान चिन्हावर शिक्का मारून होत नसे. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं, आणि मतदार आपल्या पसंतीच्या पेटीत कागद टाकायचा. आमच्या एका पेटीवर बैलजोडी होती. मतदानाच्या खोलीत कुठल्याही चिन्हाचा प्रचार चालत नाही, आणि इथे तर भिंतींवर अख्खा प्रचार माजला होता.

साहेबांनी चुना मागितला. चुना गावात नव्हता. मग म्हणाले शेणाने सारवून टाका, सगळ्या भिंती, आत्ताच्या आत्ता. मास्तर भिंतीकडे बघत राहिले. ही चित्रं पोरांनी दोन वर्षं काढली होती, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. मी साहेबांना समजावू लागलो की पोरांनी जे रोज पाहिलं ते काढलंय, बैल जुंपलेलाच दिसतो, म्हणून जोडीच काढतात. साहेब म्हणाले की मला सगळं समजतं, पण तक्रार झाली तर माझी नोकरी जाईल, मला चार मुली आहेत. आणि ते खरंच होतं, त्यांना खोटं पाडता येत नव्हतं.

तेवढ्यात मास्तरांनी विचारलं, "साहेब, हरकत बैलाले आहे का जोडीले?"

साहेबांनी पुस्तक उघडलं. बराच वेळ बोट फिरवलं. चिन्ह जोडीचं होतं, यात वाद नव्हता.

मास्तर बाहेर गेले आणि त्यांनी पोरांना हाक मारली. माडिया गोंडांची पोरं, पोरी, जी होती ती सगळी धावत आली. मास्तर त्यांच्याशी मोडक्यातोडक्या गोंडीत बोलत होते. ‘कोंदा’ म्हणजे बैल एवढंच मला कळत होतं. प्रत्येक जोडीजवळ आणखी एक कोंदा काढायचा, असं ते सांगत होते. एक लहान मुलगी हुज्जत घालायला लागली. मास्तर हसले आणि तिचं म्हणणं त्यांनी आम्हाला सांगितलं: तिसरा बैल जुवात बसतच नाही, तर तो काढायचा कसा? मग मास्तरांनी तिला विचारलं की जुवात नसलेला बैल काय करतो. ती विचारात पडली. मग भिंतीजवळ जाऊन तिने जोडीच्या मागे एक बैल खाली मान घालून चरताना काढला.

तिथून पुढे बघत बसावं असा प्रकार होता. कोणी तिसरा बैल बसलेला काढला, कोणी पळून चाललेला आणि त्याच्यामागे काठी घेऊन धावणारा माणूस. एकाने वासरू काढलं. एकाने मागे वाघच उभा केला आणि जोडी घाबरवून सोडली. मास्तरांनी कोळसा हातात घेतला असता तर अर्ध्या तासात सगळं आटोपलं असतं. साहेब घड्याळाकडे बघून मला खुणावत होते की त्यांना सांगा, तुम्हीच काढा. मला ते सांगावंसं वाटलं नाही. मास्तर एका पोराजवळून दुसऱ्याजवळ जात होते, गुडघ्यावर बसत होते, विचारत होते, आणि कोळशाला बोट लावत नव्हते. मूलच्या त्या खोलीत मी ज्याला हट्ट म्हणायचो तो मी पहिल्यांदा नीट पाहिला, आणि मला मनापासून बरं वाटलं.

साहेबांनी सूर्य असेपर्यंत एकेक भिंत तपासली. "वाघ कुणाचं चिन्ह नाही ना?" त्यांनी मला हळूच विचारलं. मी नाही म्हणालो. मग त्यांनी पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी मतदान फार हळू चाललं, कारण येणारा प्रत्येक मतदार आधी भिंतीशी जायचा. आपल्या घरचं पोर कुठल्या बैलाचं धनी आहे ते शोधायचा, शेजाऱ्याला दाखवायचा, मग बोटाला शाई लावून घ्यायला यायचा. साहेब सुरुवातीला ओरडले. दुपारी ते स्वतःच एका म्हाताऱ्याला वाघ दाखवत होते.

संध्याकाळी पेट्यांना सील लागलं, बंड्या जुंपल्या. निघताना साहेबांनी मास्तरांना बाजूला घेतलं. मी जवळच होतो. साहेबांचा मेव्हणा चांद्याला जमीन मोजणीच्या कचेरीत वरच्या जागेवर होता, तिथे नकाशे काढायला हात असलेला माणूस हवा होता. इथल्या दुप्पट पगार, राहायला क्वार्टर, डोक्यावर पंखा. तुमच्यासारखा माणूस या जंगलात कुजतो आहे, साहेब कळवळून म्हणाले, मी शब्द टाकतो, महिन्याभरात ऑर्डर येईल. खरं सांगायचं तर त्यांनी हो म्हणावं असं मला त्या क्षणीही वाटत होतं. त्यांची तब्येत मला दिसत होती.

मास्तरांनी हात जोडले. मनापासून जोडले, त्यात तोरा नव्हता.

"साहेब, त्या कचेरीत पोरं येतात का?"

साहेब गोंधळले. "कचेरीत पोरं कशाला येतील?"

"मंग नाई जमत, साहेब," मास्तर म्हणाले.

त्यांनी मला बंडीवर चढायला हात दिला. त्यांच्या हाताला कोळसा नव्हता, पण काल पोरांनी ओढओढून उमटवलेली काळी बोटं सदऱ्याच्या बाहीवर अजून होती. बंडी हलली तेव्हा ते शाळेत परत गेले होते आणि आम्ही मतपेट्यांभोवती लावलेले पडदे काढत होते, कारण उद्या शाळा होती.